गोळीचे पहिले बारा दिवस

पंधरा वर्षं मी जळगावात एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते. ज्यांची शीर सापडत नाही, सुई बघून ज्यांना घेरी येते, असे सगळे माझ्याकडे पाठवले जातात, कारण माझा हात हलका आहे. हे मी म्हणत नाही, पेशंट म्हणतात, आणि मी ते आवडीनं ऐकून घेते. तर गेल्या उन्हाळ्यात सकाळी उठून दात घासायचंसुद्धा मला ओझं वाटायला लागलं, तेव्हा मी आधी काय केलं असेल? डॉक्टरकडे गेले नाही. डाव्या दंडाला पट्टा बांधून उजव्या हातानं स्वतःचंच रक्त काढलं आणि थायरॉईड, बी-ट्वेल्व्ह, हिमोग्लोबिन, शुगर असं सगळं लावून टाकलं. रिपोर्ट येईपर्यंत देवाला एकच म्हणत होते की थायरॉईड तरी निघू दे. थायरॉईड म्हटलं की कोणी काही बोलत नाही, उलट काळजीनं विचारतात. रिपोर्ट एकदम छान आले. ते हातात धरून मी लॅबच्या मागच्या खोलीत रडले.

आमचं घर मेहरूणला, तलावापासून दहा मिनिटांवर. एका संध्याकाळी फिरायला म्हणून गेले, कट्ट्यावर बसले आणि उठायचं कशासाठी तेच कळेना. मरावं असं काही ठरवलेलं नव्हतं. फक्त उद्याचा दिवस आला नाही तर बरं, असं वाटत होतं, आणि ते किती सहज वाटतंय याची भीती वाटत होती. शेवटी नवरा शोधत आला. तो वीज खात्यात लाइनमन आहे, खांबावर चढतो पण बोलायची वेळ आली की खाली बघतो. शेजारी बसला, स्वतःच्या चपलांकडे बघत म्हणाला, "तुझं काहीतरी फ्यूज उडालंय. दाखवून येऊ."

दाखवायचं कुठं हा मोठा प्रश्न होता. जळगावातल्या निम्म्या डॉक्टरांचे नमुने आमच्याच लॅबला येतात. मी मनाच्या डॉक्टरच्या दवाखान्यात शिरले असते तर मी घरी पोचायच्या आत बातमी लॅबमध्ये पोचली असती. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून आम्ही एका गुरुवारी दोघांनी रजा टाकली आणि एसटीनं धुळ्याला गेलो. दवाखान्यात नवऱ्यानं पूर्ण वेळ तोंडासमोर पेपर धरला होता. पेपर आदल्या दिवशीचा होता.

डॉक्टरीण माझ्यापेक्षा लहान असावी. तिनं घाई केली नाही, सगळं ऐकून घेतलं, मरणाचे विचार येतात का ते सरळ विचारलं. मग गोळी लिहून दिली आणि काय काय होईल ते सांगायला लागली. सात दिवस अर्धी, मग पूर्ण. सकाळी, पोटभर नाश्ता करून. सुरुवातीला मळमळेल, तोंड कोरडं पडेल, जांभया येतील, घाम येईल, झोप बिघडेल, हात थोडे थरथरतील, कधी आतून नुसतं सैरभैर वाटेल. हे बहुतेक पंधरा दिवसांत ओसरतं. बरं वाटायला मात्र तीन-चार आठवडे लागतात, कधी त्याहून जास्त. मध्येच आपल्या मनानं बंद करायची नाही. आणि मरणाचे विचार वाढले, किंवा एका जागी बसवेनासंच झालं, तर लगेच फोन करायचा, संकोच करायचा नाही.

म्हणजे त्रास आज आणि गुण महिन्यानं. भीक नको पण कुत्रं आवर म्हणायची वेळ. मी बाकीचं सगळं ऐकलं, पण मनात एकच शब्द अडकून बसला होता, हात.

पहिली अर्धी गोळी तिथंच एका हॉटेलात शेवभाजी खाऊन घेतली. परतीच्या बसमध्ये पारोळ्यापर्यंत मी स्वतःच्या बोटांकडे बघत होते. नवरा दर दहा मिनिटांनी विचारी, "काही वाटतंय का?" त्याला वाटलं होतं गोळी घेतली की दिवा लागेल. "दहा दिवसांत बरं वाटलं की बंद करून टाकू," असं तो म्हणाला, आणि मी त्याच्यावर इतकी खेकसले की पुढच्या सीटवरच्या बाईनं वळून बघितलं.

दुसऱ्या दिवशी फोडणीचा वास आला आणि मी मोरीकडे पळाले. तिसऱ्या दिवशी तोंडात कळण्याच्या भाकरीचं कोरडं पीठ भरल्यासारखं झालं. जांभया तर अशा की जबडा दुखायचा, आणि समोर पेशंट बसलेला. रात्री डोळा लागेना आणि सकाळी उघडेना. गोळ्यांच्या खोक्यातला तो घडी घातलेला कागद मी भिंगानं वाचला. लॅबमध्ये काम केल्यानं अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं हा माझा जुनाच दोष आहे. त्या कागदावर जे जे लिहिलं होतं ते ते मला दुपारपर्यंत व्हायला लागलं. शेवटी नवऱ्यानं तो कागद कुठंतरी लपवला. कुठं ते अजून सांगत नाही.

पाचव्या दिवशी एका म्हाताऱ्या आजींची शीर चुकली. दुसऱ्यांदा टोचलं, तरी चुकली. आजी म्हणाल्या, "असू दे बाई, होतं एखाद वेळी." त्यांनी ओरडायला हवं होतं. मी सरांना सांगितलं की मनगट मुरगळलंय, आठवडाभर मला नळ्यांवर चिठ्ठ्या लावायचं आणि मशीनचं काम द्या. पंधरा वर्षांत पहिल्यांदा मी सुई खाली ठेवली. घरी येऊन गोळ्यांची पट्टी कचऱ्याच्या डब्यावर धरून उभी राहिले. फेकली नाही. का फेकली नाही याचं मोठं कारण नाही. गोळी सोडली तर पुन्हा तो कट्टा, एवढंच दिसत होतं, आणि कट्ट्याची भीती थरथरण्यापेक्षा मोठी होती.

आठव्या दिवसापासून पूर्ण गोळी सुरू झाली. आणि त्याच रविवारी कानबाई होती.

माझं सासर धुळ्याकडच्या एका खेड्यात, पांझरेच्या काठी. तिथं दोन जावा राहतात आणि सासूबाई, ज्यांना सगळं गाव अक्का म्हणतं आणि मीही अक्काच म्हणते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात घरोघर कानबाई बसते. नारळाला डोळे लावायचे, नथ घालायची, साडी नेसवायची, पाटावर बसवायची. घरातल्या माणसांच्या नावानं मुठी मुठी गहू दळून त्याचे रोट करायचे, ते भाऊबंदांनीच खायचे. सोमवारी सकाळी कानबाईला डोक्यावर घेऊन वाजतगाजत नदीवर न्यायचं. आमच्या घरी पाट दरवर्षी एका सुनेनं घ्यायचा, आणि जिचा पाट तिनं विसर्जन होईपर्यंत चहाशिवाय काही पोटात घालायचं नाही, अशी रीत. यंदा पाट माझा होता.

मला अक्कांची भीती वाटते, हे इथं सरळ लिहायला हवं. त्या वाईट नाहीत. पण अठरा वर्षांत मी त्यांना मोकळं हसताना बघितलं नाही. कोणाच्या लग्नात गेल्या तरी भिंतीला टेकून बसणार, काही सांगायला गेलं की "बरं" म्हणणार आणि संपलं. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या सुनेला असल्याच गोळ्या सुरू झाल्या तेव्हा तिला माहेरी धाडून दिलं होतं. त्यावर अक्का म्हणाल्या होत्या, "डोकानी गोळी एक डाव लागनी का मरालगून सुटत नही." मरेपर्यंत सुटत नाही, हे माझ्या कानात बसलेलं होतं. अक्कांना कळलं तर त्या घरात एकच निकाल लागणार, गोळ्या बंद. आणि त्यांच्यासमोर माझा नवरा बोलायची वेळ आली की बघतो तसा खालीच बघणार.

पाट टाळायला पाळीचं कारण सांगावं असंही मनात आलं. पण अक्कांना माझ्या तारखा माझ्यापेक्षा पाठ. डॉक्टरणीला फोन करून उपाशीपोटी गोळी घेऊ का विचारावं, तर कानबाई म्हणजे काय इथपासून सांगावं लागेल की काय म्हणून लाज वाटली. ती धुळ्याचीच, तिला न सांगताही कळलं असतं, हे मला आता सुचतं. तेव्हा फोन केला नाही. ही माझी चूक, दुसऱ्या कोणाची नाही.

रविवारी सकाळी स्वयंपाकघरात कोणी नाही असं बघून माठाजवळ उभ्यानंच गोळी घेतली आणि वर कोरा चहा. दिवसभर घरात पुरणाचा, तुपाचा वास, आणि मी ओसरीत बसून आवंढे गिळत होते. जाऊ म्हणाली, "तुझा चेहरा बघ कसा झालाय." मी म्हटलं, उपास. उपासाचं एक बरं असतं, सगळं त्याच्यावर घालता येतं.

सोमवारी पहाटे पट्टी हातात घेऊन बराच वेळ बसले. एक दिवस नाही घेतली तर काय होणार? हात तरी स्थिर राहतील. पण एक गोळी चुकवून आजचे हात थांबणार नाहीत, एवढं तर मला कळत होतं. आणि आज चुकवली तर उद्या चुकवायला दुसरं कारण सापडेल, हे त्याहून जास्त कळत होतं. घेतली. बारावी. मग पदर खोचून पाटासमोर उभी राहिले.

पाट डोक्यावर आला तेव्हा पहिला विचार आला तो पडण्याचा. कानबाई हातातून पडली असं आमच्या घरात कोणाच्या आठवणीत नाही. पडली असती तर पुढच्या वीस वर्षांत घरात जे जे वाईट झालं असतं ते माझ्या हातांच्या नावावर गेलं असतं. दोन्ही हातांनी पाट घट्ट धरला. जितका घट्ट धरला तितके हात जास्त थरथरायला लागले. पुढं ढोल, मागं गाणाऱ्या बाया, दारादारातून पायांवर पाणी ओतणाऱ्या बाया. ऊन पावसाळ्यातलं, चटका देणारं. घाम डोळ्यांत उतरला आणि पुसायला हात मोकळा नाही. मारुतीच्या देवळापाशी जांभया सुरू झाल्या, एकामागोमाग एक, तोंड मिटेचना. खांदे हलायला लागले. मग गुडघे.

"अंगमा ऊनी! कानबाई ऊनी व माय!" मागून कोणीतरी ओरडलं.

मला आधी वाटलं दुसऱ्याच कोणाच्या अंगात आलंय. मग ढोलवाला माझ्यासमोर आला आणि जोरात वाजवायला लागला. कोणीतरी कपाळभर कुंकू लावलं. नाही नाही म्हणायला तोंड उघडलं तर जांभई आली, आणि बायांनी हात जोडले. त्या क्षणी मी फार घाबरले. हे सगळं औषधानं होतंय, हे मला ठाऊक होतं. पण शंभर माणसं एका सुरात वेगळंच सांगत असली की आपलं ठाऊक असणं किती टिकतं? आपण खरंच वेड्या झालोय आणि हे असंच सुरू होत असेल, असं वाटून माझे दात वाजायला लागले. त्यावर ढोल आणखी चढला.

नदीपर्यंत कशी पोचले ते आठवत नाही. एवढं आठवतं की शेवटच्या वळणावर दोन्ही जावांनी दोन्हीकडून पाटाला हात लावला, आणि पाट खाली उतरला तेव्हा कानबाई शाबूत होती, नथसुद्धा जागेवर. मला काठावरच्या निंबाखाली बसवलं. आणि बाया ओळीनं पाया पडायला आल्या.

"माय, मनी पोरगीनं लगन कव्हय जमी?" एकीनं पोरीच्या लग्नाचं विचारलं. दुसरीची म्हैस दूध देत नव्हती. मी काय सांगणार? मी मान हलवत होते, ती नाही म्हणून हलवत होते, आणि बाया त्यातून हवा तो अर्थ काढून समाधानानं उठत होत्या. आयुष्यात माझ्यावर कोणी इतका विश्वास टाकला नसेल आणि मी इतकी निकामी कधी नव्हते. सरळ उठून "मला गोळ्या चालू आहेत" असं ओरडावं असं वाटत होतं, आणि ओरडले तर पट्टी आजच पांझरेत जाणार हेही दिसत होतं. देवी म्हणून बसून राहिले आणि लाजेनं मेले.

सगळ्यात शेवटी अक्का आल्या. त्यांनी हातानं बाकीच्या बायांना मागं सरकवलं, वाकल्या आणि माझ्या पायांवर डोकं ठेवलं. सासूचं डोकं सुनेच्या पायांवर. मी पाय ओढून घ्यायला लागले तर त्यांनी घोटे धरून ठेवले. आणि ढोलाच्या आवाजात फक्त मलाच ऐकू येईल असं बोलल्या.

"माय, मना जीव कशामाच लागत नही. बीस वरीस व्हयनात. सकायले उठस आन वाटस, आजना दिन कसाले उगना. मनं काय चुकनं?"

धुळ्याच्या त्या खोलीत मी डॉक्टरणीला हेच सांगितलं होतं. भाषा तेवढी वेगळी. माझं लग्न होऊन अठरा वर्षं झाली, आणि अक्का म्हणत होत्या वीस. म्हणजे मी उंबरठा ओलांडला तेव्हा ही बाई आधीच तशी होती. जिला मी नवऱ्याजवळ अठरा वर्षं खडूस म्हणत आले, ती रोज सकाळी उठून घरातल्या सगळ्यांच्या भाकरी थापत होती आणि दिवस कशाला उगवला म्हणत होती. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

तिला देवीच्या तोंडून खोटं सांगणं मला जमलं नाही. गोळ्या बंद झाल्या तर होऊ देत, असं त्या क्षणी वाटलं. मी वाकून त्यांच्या कानाशी म्हटलं, "अक्का, उठा. कानबाई नाही हो, मीच आहे. मला डोक्याच्या गोळ्या सुरू आहेत. त्यानं हात थरथरतात."

अक्का उठल्या नाहीत. डोकं तेवढं वर केलं. कपाळाला माझ्या पायांवरचा चिखल लागला होता.

"माले म्हाईत शे," त्या म्हणाल्या. "काल तू माठपा चोरीसन गोळी खादी, दखं मी. शेजारनी सून बी तशीच चोरीसन खाये. कानबाईले तं मी वरीसना वरीस इचारस. आज तुले इचारी ऱ्हायनी."

म्हणजे माझे घोटे धरून त्या कानबाईला नाही, मलाच विचारत होत्या. मग बोलायला लागले तर थांबता येईना. ढोल वाजत होता आणि मी निंबाखाली बसून अक्कांना सांगत होते: आधी मळमळतं, अक्का. फोडणीचा वास सहन होत नाही. तोंड कोरडं पडतं, जांभया येतात, झोप येत नाही. हात असे होतात. कधी कधी आधीपेक्षा जास्त भीती वाटते, आणि तेव्हा डॉक्टरणीला सांगायचं, लपवायचं नाही. उपाशी घ्यायची नाही, मी घेतली ती चूक केली.

"मंग?" अक्का म्हणाल्या.

"मग बरं वाटतं, असं ती म्हणते. महिना लागतो. मला माहीत नाही, अक्का. माझा आज बारावाच दिवस आहे. मला अजून काहीच बरं वाटलेलं नाही."

हे ऐकून त्या नको म्हणतील असं मला वाटलं. त्यांनी पदरानं आधी माझ्या कपाळावरचं कुंकू पुसलं, मग स्वतःचा चिखल. माझ्या खांद्यावर भार देऊन उठल्या आणि बायांकडे वळून ओरडल्या, "बठ्ठ्या सरका! पोर कालपशी उपाशी शे, खावाले आना काही." बाया पांगल्या, पण जाता जाता पुन्हा माझ्यापुढं वाकल्या.

"तुनी डाक्टरीनकडे माले बी ली चाल," त्या म्हणाल्या. "बीस वरीस काढात मी. एक महिनानं काय?"